ब्रॉन्झिनोची एलिओनोरा: आधी डाळिंब वाचायचं की झग्याची किंमत?

चौकट (धागाकर्ता)

फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयात आन्योलो ब्रॉन्झिनोचं एक व्यक्तिचित्र आहे. डचेस एलिओनोरा दि तोलेदो बसलेली आहे आणि तिचा लहानगा मुलगा शेजारी उभा आहे. साल साधारण १५४५, लाकडी फळीवर तैलरंग, ११५ बाय ९६ सेंटिमीटर. म्हणजे आपल्या घरातल्या खिडकीएवढं चित्र, पण बघणाऱ्याला ते भिंतभर वाटतं, कारण निम्मी जागा झग्याने व्यापली आहे.

या चित्राविषयी जे लिहिलं जातं ते बहुतेक एकाच साच्यातलं असतं. डाळिंब म्हणजे सुफलता, मोती म्हणजे शुचिता, निळा म्हणजे येशूची आई मरियम, संपलं. माझं म्हणणं असं की हे उलट्या टोकाने वाचणं झालं. त्या काळच्या फ्लॉरेन्सकराला आधी कापड दिसलं असणार, मग त्याची किंमत, आणि मग अर्थ.

पार्श्वभूमी थोडक्यात देतो. कोझिमो दे मेदिची १५३७ साली सतराव्या वर्षी फ्लॉरेन्सच्या गादीवर आला, तोही घराण्याच्या धाकट्या पातीतून. त्याचा हक्क पक्का नव्हता. १५३९ मध्ये त्याने नेपल्सचा व्हाइसरॉय डॉन पेद्रो दे तोलेदो याच्या मुलीशी, म्हणजे एलिओनोराशी, लग्न केलं. त्यामुळे सम्राट पाचव्या चार्ल्सचा वरदहस्त मिळाला, शिवाय भरपूर पैसाही आला. १५४५ पर्यंत तिला पाच मुलं झाली होती, एकूण पुढे अकरा. पीत्ती राजवाडा १५४९ मध्ये घेतला तो हिनेच, आणि कोझिमो बाहेर असला की राज्यकारभारही हीच बघायची. तेव्हा चित्रातली बाई म्हणजे नुसती 'सुंदर पत्नी' नव्हे.

कापड, रंग, दागिने या विषयांतल्या जाणकारांनी एकेक बाजू उलगडावी.

ताणाबाणा

कापडाचं मी घेतो.

पांढऱ्या साटिनच्या जमिनीवर काळ्या मखमलीची वेलबुट्टी, आणि तिच्यात जरीची डाळिंबं. ही भरतकामाची नक्षी नाही, मागावरच विणलेली आहे. छायाचित्रात हे कळत नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

मखमल विणायला दोन ताणे लागतात. एक जमिनीचा, दुसरा लवीचा. लवीच्या ताण्याखाली बारीक सळई घालायची, दोन-तीन आडवे धागे टाकून फणीने ठोकायचं, मग पुढची सळई. सळईला वरून खाच असेल तर तिच्यातून पातं फिरवून लव कापतात, तेव्हा कापलेली मखमल मिळते. न कापता सळई ओढून घेतली की लहान लहान फासे तसेच उभे राहतात. नक्षीच्या मखमलीत अडचण ही की लवीचा प्रत्येक धागा वेगळ्या गतीने संपतो. जिथे नक्षी दाट तिथे जास्त, जिथे मोकळी जमीन तिथे जवळपास शून्य. म्हणून एका तुळईवर सगळा लवीचा ताणा गुंडाळून चालत नाही. मागाच्या मागे घोडीवर शेकड्यांनी स्वतंत्र कांड्या आणि प्रत्येकीला वजन. एकाचा ताण सैल पडला तर तिथली लव बसते आणि कापडावर मळकट पट्टा दिसतो. पातं जरा घसरलं तर जमिनीचा धागाच कापला जातो, आणि तो दोष लपवता येत नाही.

यात भर जरीच्या फाशांची. सोनेरी बाणा आकड्याने मधूनमधून वर ओढून बारीक कड्या काढायच्या. चित्रात डाळिंबाच्या आतला भाग दाणेदार, खरखरीत दिसतो तो यामुळे. ब्रॉन्झिनोने एकेक कडी रंगवली आहे, तीही प्रकाश पडतो त्या बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी. दिवसभर राबून असं कापड काही बोटंच पुढे सरकतं.

जर म्हणजे आपली कलाबतूच. चांदीवर सोन्याचा मुलामा, तिचा चपटा बादला, आणि तो रेशमाच्या धाग्यावर पिळलेला. पैठणीच्या जुन्या जरीचं तत्त्वही हेच. सोन्याखाली पिवळं रेशीम वापरायचे, म्हणजे बादल्याच्या फटीतून पांढरं दिसून सोनं फिकं वाटत नाही. पिळ सैल असेल तर वापराने बादला सरकतो आणि आतलं रेशीम उघडं पडतं. मुलामा झिजला की चांदी काळवंडते. जुन्या कपड्यांत 'काळी नक्षी' दिसली की आधी हे तपासावं.

आणि काळं रेशीम! काळा रंग मायफळासारख्या तुरट पदार्थांत लोखंडाचा क्षार घालून करायचे. रंग गडद येतो, पण तेच लोखंड रेशमाला आतून खातं. त्यामुळे जुन्या नमुन्यांत पांढरी जमीन शाबूत आणि काळी लव गळून गेलेली, असा उलटा प्रकार दिसतो. चित्रात मात्र तो काळा अजून कोरा करकरीत आहे.

शंकासूर

इतका तपशील छान, पण मुद्द्याला हात घातला नाही. डाळिंब म्हणजे सुफलता की नाही?

ताणाबाणा

हो आणि नाही. ओटीत नारळ असतो म्हणून प्रत्येक नारळ ओटीचा होत नाही. पंधराव्या शतकापासून इटलीतल्या कित्येक भारी मखमलींवर हाच आकार आहे: मधे फळ, भोवती कमळासारख्या पाकळ्या. त्यालाच कोणी डाळिंब म्हणतं, कोणी काटेफूल, कोणी देवदाराचं फळ. पुरुषांच्या झग्यांवर आहे, धर्मगुरूंच्या वस्त्रांवर आहे, वेदीच्या पडद्यांवर आहे. तिथे सुफलता कुठून आणणार?

पण इथे नक्षीची जागा बघा. छातीच्या बरोबर मध्यभागी एक मोठं डाळिंब, दोन्ही बाजू आरशासारख्या जुळवलेल्या. कापडाच्या पन्ह्यातल्या (रुंदीतल्या) नक्षीचा मध्य शिवणीच्या मधोमध आणायचा तर कापड वाया जातं. दोन्ही बाजूंचे तुकडे जुळेपर्यंत शिंप्याला मधला भाग सोडावा लागतो. फ्लॉरेन्सचा ब्राचो (कापड मोजायचं माप) म्हणजे साधारण ५८ सेंटिमीटर, आणि असलं रेशमी कापड अरुंद पन्ह्याचंच असायचं. अशा कापडातली नासाडी ही उघड उघड श्रीमंती. हे फळ मुद्दाम मधे आणलंय, म्हणून त्याला अर्थ आहे. नक्षीत नुसतं असतं तर नसता.

चौकट

यात एक भर. डाळिंबाला स्पेनमध्ये 'ग्रानादा' म्हणतात, आणि १४९२ मध्ये ग्रानादाचं राज्य जिंकल्यावर ते फळ राजघराण्याच्या राजचिन्हात आलं. स्पेनची राजकन्या आरागॉनची कॅथरीन हिचंही तेच चिन्ह. एलिओनोरा स्पॅनिश सरदारघराण्यातली, तेव्हा माहेरची खूण म्हणूनही ते वाचलं गेलं असेल. पण तिचं स्वतःचं अधिकृत बोधचिन्ह डाळिंब नव्हतंच. ते होतं पंखाखाली पिल्लं घेतलेली लांडोर, सोबत लॅटिन ओळ, अर्थ साधारण 'मर्यादेसह आनंदी सुफलता'. इतिहासकार पाओलो जोव्हिओने ते योजलं होतं. तेव्हा सुफलता तिच्या प्रतिमेत होती हे नक्की. डाळिंबावर सगळा भार टाकायची गरज नाही.

खलबत्ता

आता मागचा निळा. सगळे याला 'आकाश' म्हणतात, पण ते आकाशापेक्षा रंगवलेली भिंतच जास्त वाटते. चेहऱ्याभोवती निळा उजळतो आणि कडांकडे गडद होत जातो. प्रभामंडळाशी असलेलं साम्य उघड आहे. एवढी मोठी जागा लाजवर्दी निळ्याने भरणं हेच मुळात उधळपट्टीचं होतं.

लाजवर्द हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. समुद्रापलीकडून यायचा म्हणून 'ओल्त्रेमारिनो'. नुसता कुटला तर राखाडी भुकटी मिळते, कारण निळ्या स्फटिकासोबत पांढरी चुनखडी आणि सोनेरी माक्षिक (पायराइट) मिसळलेलं असतं. निळं वेगळं काढायची रीत चित्रकार चेन्निनो चेन्निनीने १४०० च्या सुमारास लिहून ठेवली आहे. प्रमाण असं:

एक लिब्रा दगडाची वस्त्रगाळ पूड (लिब्रा म्हणजे १२ औंस, आजचे सुमारे ३४० ग्रॅम), ६ औंस पाइनची राळ, ३ औंस मस्तकी (झाडाचा सुगंधी डिंक), ३ औंस नवं मेण. राळ, मस्तकी, मेण एकत्र वितळवून गाळायचं, त्यात पूड घालून गोळा करायचा. हाताला जवसाचं तेल लावून रोज मळायचा, किमान तीन दिवस-तीन रात्री. मग कोमट राखेच्या पाण्यात दोन काठ्यांनी तो दाबत राहायचं. निळे कण पाण्यात उतरतात. चुनखडी आणि मातकट भाग गोळ्यात अडकून राहतो. पाणी निळं झालं की दुसऱ्या भांड्यात ओतायचं, नवं घ्यायचं. पहिल्या दोन वेळचा निळा सर्वांत गडद. चेन्निनो त्याचा भाव औंसाला आठ दुकात (सोन्याची नाणी) सांगतो. शेवटी उरतो तो राखेसारखा.

बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. पाणी फार गरम असेल तर मेण सुटून निळ्यात येतं आणि रंग चिकट होतो. आणि घाईने सगळी पाणी एकत्र केली की गडद निळ्यात राख मिसळते. मग पहिल्या प्रतीचा भाव विसरा.

तेलात कालवल्यावर आणखी एक पेच. लाजवर्दाचा वक्रीभवनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) जवसाच्या तेलाच्या जवळ आहे, त्यामुळे तो पारदर्शक आणि जवळपास काळा होतो. म्हणून शिश्याचा सफेदा घालावा लागतो. चेहऱ्याभोवतीचा उजाळा म्हणजे सफेद्याचं वाढवत नेलेलं प्रमाण, आणि हा उतार इतक्या मोठ्या जागेत डाग न पडता आणणं कठीण.

शंकासूर

स्वस्त निळा वापरून वरून लाजवर्दाचा पातळ हात दिला असेल तर? फसवणूक कशी ओळखायची?

खलबत्ता

ती फसवणूक नाही, सर्रास चालणारी पद्धत होती. खाली अझुराइट (तांब्याचा स्वस्त निळा), वर लाजवर्द. करारातच निळ्याची प्रत लिहून घ्यायचे, ते याचसाठी.

सुट्या पुडीची परीक्षा सोपी: तापवलेल्या लोखंडी पात्यावर चिमूटभर ठेवा. अझुराइट काळा पडतो, लाजवर्द तसाच राहतो. आम्लाने मात्र उलट, लाजवर्दाचा रंग उडतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणून असल्या चित्रांना कुठलंही आंबट द्रावण लावणं म्हणजे गुन्हा. तयार चित्रावर हे प्रयोग अर्थातच करायचे नसतात. तिथे क्ष-किरण प्रतिदीप्ती, म्हणजे रंगातली मूलद्रव्यं किरणांनी ओळखायची तपासणी. त्यात तांबं दिसलं तर अझुराइट आहे.

निळ्या साटिनचा मुलगा निळ्या पार्श्वभूमीवर आणि आई पांढऱ्यात, हेही बघून घ्या. मुलगा मागे मिसळतो, ती पुढे येते.

पैलू

दागिन्यांबद्दल लिहिते. गळ्यात मोत्यांचे सर आहेत, एकाला लोलक: मधे चौकोनी काळा खडा, खाली थेंबाच्या आकाराचा मोती. त्या काळ्या खड्याला कुणी गोमेद म्हणतं, कुणी नीलम. तो हिरा आहे.

तेव्हा आजच्यासारखे पन्नास-साठ पैलू नव्हते. अष्टफलकी स्फटिकाचं वरचं टोक घासून सपाट 'मेज' करायचे. प्रकाश परत उसळत नाही, आरपार जातो, म्हणून खडा काळसर दिसतो. शिवाय सोनार कोंदणात हिऱ्याखाली काजळीचा लेप द्यायचे, चमक वाढवायला. बेन्वेनुतो चेल्लिनीने आपल्या सोनारकामाच्या ग्रंथात तो लेप काजळी, मस्तकी आणि तेलांपासून करायला सांगितला आहे. त्यामुळे सोळाव्या शतकातल्या चित्रात काळा चौकोन आणि त्याच्यावर एक पांढरी तिरीप दिसली की हिरा समजावा. लाल किंवा हिरवा खडा मात्र रंगवताना रंगानेच दाखवतात.

आता खरा दुवा. तेव्हा युरोपात येणारे हिरे मुख्यतः हिंदुस्थानातले, दख्खन आणि विजयनगरच्या मुलखातले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यावर हिऱ्यांचा मोठा बाजार तिथे आला. गार्सिया दा ओर्ता हा वैद्य गोव्यात राहायचा. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह त्याचा रुग्ण. त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पुस्तकात औषधी वनस्पतींसोबत हिरा आणि मोती यांवरही लिहिलं आहे. एलिओनोराच्या गळ्यातला नेमका हिरा कुठला हे सांगता येणार नाही, पण त्या काळच्या अशा खड्याचा रस्ता बहुधा आपल्याच बाजूने जायचा.

मोती दोन दिशांनी यायचे: पूर्वेकडून इराणचं आखात आणि मन्नारचं आखात, पश्चिमेकडून स्पेनच्या ताब्यातलं, व्हेनेझुएलाजवळचं क्युबाग्वा बेट. संवर्धित मोती नव्हतेच, सगळे नैसर्गिक. म्हणून एका मोत्यापेक्षा एकसारखे मोती जमवणं महाग. एका सरासाठी आकार, गोलाई, पाणी आणि रंग जुळवायला वर्षं लागायची. चित्रात खांद्यावरच्या जरीच्या जाळीत प्रत्येक गाठीवर एक मोती आणि केसांच्या जाळीतही तसाच. शुचितेचं प्रतीक म्हणा हवं तर, पण मोजून बघा किती एकसारखे आहेत. ते मोजणं हीच दाखवायची गोष्ट होती.

चेल्लिनी आपल्या आत्मचरित्रात सहा हजार स्कुदींच्या (तेव्हाची नाणी) मोत्यांच्या सराची भानगड सांगतो. डचेसला तो हवा होता. हा ड्यूकला म्हणाला, मोती म्हणजे माशाचं हाड, काळाने उतरतं, हिरा-माणिक बघा. अवांतर असलं तरी त्या काळचा भावविचार कळतो. (आणि सोनाराचं तोंड किती सुटलेलं असावं तेही.)

आडनीट

झग्याच्या सांगाड्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. बाह्या वेगळ्या असायच्या, खांद्याशी फितीने बांधायच्या. बाह्यांच्या चिरांतून आतला पांढरा अंगरखा फुग्यांसारखा बाहेर काढला आहे. ती फुगवण आपोआप राहत नाही, हाताने ओढून बसवावी लागते आणि हललं की परत आत जाते. म्हणजे दासी हवी. अंगाला घट्ट बसलेला वरचा भाग आतून ताठ केलेला असतो, म्हणून छातीवरचं डाळिंब एकही सुरकुती न पडता सपाट राहतं.

आणखी एक बघा. बाह्यांवर आणि मांडीवर घडी पडली तरी नक्षी त्या मानाने फारशी वाकत नाही. चित्रकाराने कापडाचा तुकडा समोर सपाट ठेवून नक्षी उतरवली असावी असं अनेकांना वाटतं. मॉडेलने झगा घालून तासन्‌तास बसायची गरज उरत नाही. पण परिणाम असा की झगा तिच्या अंगावर कमी आणि फळीवर जास्त वाटतो. मला हे चित्राचं बलस्थान वाटतं. दोष म्हणणारेही भेटतील.

शंकासूर

पण याच झग्यात तिला पुरलं ना? सगळीकडे वाचलंय.

ताणाबाणा

नाही. ही चूक फार जुनी आहे आणि कंटाळा येईल इतक्या वेळा फिरते. फ्लॉरेन्सच्या सान लोरेंझो चर्चमधल्या मेदिची कबरी १८५७ मध्ये उघडल्या तेव्हा वस्त्रांचे अवशेष सापडले. तिच्या वस्त्रांची दुरुस्ती १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं चालली, आणि तेव्हा स्पष्ट झालं की तो वेगळा झगा आहे: साटिनचा, त्यावर मखमलीचे भरलेले पट्टे. सोबत रेशमी विणीचे लाल मोजेही होते. ते अवशेष आता पीत्ती राजवाड्यातल्या पोशाख संग्रहालयात आहेत. ती वारली १५६२ मध्ये, चित्रानंतर सतरा वर्षांनी. या काळात कापणीची पद्धत बदलली होती, आणि असं भारी कापड लोक उसवून दुसरीकडे वापरायचे. राणी असो वा सरदारीण, मखमल वाया घालवत नसत.

चौकट

मुलाबद्दलही एक गोंधळ. बहुतेक ठिकाणी तो जोव्हान्नी आहे, सप्टेंबर १५४३ चा जन्म, म्हणजे चित्रात दोनेक वर्षांचा. काही जुन्या याद्यांत फ्रान्चेस्को किंवा गार्झिया असं आढळतं. मला जोव्हान्नीच पटतो. थोरला फ्रान्चेस्को तेव्हा चारेक वर्षांचा, आणि गार्झिया तर जन्मलाही नव्हता. तो १५४७ चा. वय बघूनच दोघे बाद होतात.

आता यातला राजकीय डाव. वारस सोडून दुसरा मुलगा का दाखवायचा? वारस एकच असेल तर गादी एका तापावर अवलंबून. दुसरा दाखवला की म्हणायचं असतं, आमच्याकडे आणखीही आहेत. शिवाय जोव्हान्नीला चर्चकडे द्यायचं ठरत होतं. तो १५६० मध्ये कार्डिनल झालाही. १५६२ मध्ये जोव्हान्नी, गार्झिया आणि एलिओनोरा काही आठवड्यांच्या अंतराने हिवतापाने गेले. चित्रातला हात मुलाच्या खांद्यावर किती शांत आहे, ते बघताना हे लक्षात ठेवलं तर चित्र जरा वेगळं दिसतं.

कायद्याचंही एक सांगायचं राहिलं. कोझिमोने १५४६ आणि १५६२ मध्ये पोशाख आणि दागिन्यांवर निर्बंध घातले. म्हणजे चित्र रंगवलं त्याच्या पुढच्याच वर्षी शहरातल्या बायकांना मोती-जर आवरा असं सांगितलं गेलं. घराण्याच्या भिंतीवर मात्र हे चित्र.

खाका

प्रतींबद्दल. हे चित्र एकटं नाही. डेट्रॉइटच्या संग्रहालयात याच जोडीची दुसरी आवृत्ती आहे, ब्रॉन्झिनो आणि त्याच्या कार्यशाळेची. लंडनच्या वॉलेस संग्रहात एलिओनोरा एकटी आहे, तीही कार्यशाळेची. इतर दरबारांना भेट पाठवायला अशा प्रती लागायच्या.

प्रत करायची पद्धत रांगोळीच्या छापासारखी. मूळ आकाराच्या कागदावर रेषांना भोकं पाडायची, फळीवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापटायची. ठिपके जोडले की चेहरा जागच्या जागी. चेहरा, हात आणि कपड्याची बाह्यरेषा अशी हुबेहूब येते. पण नक्षी अशी उतरत नाही, ती कुणीतरी हाताने भरतो. प्रत ओळखायची तर चेहरा बघू नका, जरीच्या कड्या बघा. मुख्य हाताने केलेल्या कड्यांचा आकार डाळिंबाच्या गोलाईप्रमाणे बदलतो. शिकाऊ हाताच्या सगळ्या सारख्या, ओळीत लावलेल्या ठिपक्यांसारख्या. दुसरी जागा हिरा. त्यातली पांढरी तिरीप नेमकी कडेवर नसेल तर खडा कोळशासारखा मेलेला दिसतो.

शंकासूर

घरबसल्या बघायचं तर काय करू? एका संकेतस्थळावर निळा जांभळट, दुसऱ्यावर हिरवट.

खलबत्ता

निळ्यावर विश्वास ठेवू नका, पांढऱ्यावर ठेवा. बाह्यांतून डोकावणारा पांढरा अंगरखा बघा. तो पिवळट असेल तर सगळं छायाचित्र पिवळं आहे आणि निळा हिरवा दिसणारच. तो निळसर असेल तर उलट. ज्या प्रतीत अंगरखा पांढरा आणि चेहऱ्याला किंचित गुलाबी छटा आहे, ती त्यातल्या त्यात खरी. मग मोठी करून क्रम असा ठेवा: आधी छातीवरचं डाळिंब, मग खांद्याची जाळी, मग लोलक, आणि चेहरा शेवटी. उलट केलंत तर चेहऱ्यावरून नजर हलत नाही.

आडनीट

+१. आणि हात बघायला विसरू नका. बोटांवर घट्टा नाही, नखात मळ नाही, आणि मांडीवर पडलेला हात काहीही करत नाही. सोळाव्या शतकात काहीही न करणारा हात परवडायचा फार थोड्यांना.